दिलेला दोर

आमच्या घरात दोराबद्दल जेवढं बोलणं झालं, तेवढं पुढे माझ्या लग्नाबद्दलही झालं नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं ते भाड्याचं टाउनहाउस आठवायचं म्हटलं की मला आधी आवाजच आठवतात. खाली बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर, वर आईच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि या दोन्हींच्या मध्ये छताच्या लोखंडी बीमला बांधलेल्या दोराची कुरकुर. त्या दोराला कमरेच्या पट्ट्यात बसून माझे बाबा लोंबकळत असत. ऑफिसचा शर्ट तसाच, पायात मोजे, हातात चहाचा कप. "अजून मांडीला मुंग्या नाहीत!" असं ते खालून ओरडून सांगायचे आणि आई लाटणं न थांबवता म्हणायची, "मुंग्या आल्या की वर या, पोळ्या गार होतायत." शाळेतली एक मैत्रीण एकदा घरी आली होती. तिनं जिन्यावरून हा देखावा बघितला आणि घाबरून विचारलं, "इज युअर डॅड ओके?" मी म्हटलं, ही इज टेस्टिंग समथिंग. ते काही खोटं नव्हतं.

टेस्टिंग हेच बाबांचं काम होतं. गाड्यांच्या सीटबेल्टचा पट्टा मशीनमध्ये अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि तो कुठे तुटला, का तुटला ते शोधायचं. नागपुरात इंजिनिअर झालेला हा माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन दिवसभर पट्टे तोडत बसायचा आणि उरलेले तुकडे घरी आणायचा. आई त्या तुकड्यांनी इंडियाला जायच्या बॅगा बांधायची. उन्हानं धागा किती दुबळा होतो, मिठानं किती, ॲसिडनं किती, कोणता धागा ओला झाला की सैलावतो आणि कोणता नाही, हे सगळं वरण-भातासोबत आमच्या पानात पडत असे. मी तेव्हा कंटाळून जायची. आज त्यातलं अक्षर न्‌ अक्षर मला पाठ आहे, आणि ज्यांनी ते शिकवलं त्यांनाच त्याचा काही उपयोग झाला नाही, हे आठवलं की अजूनही चिडचिड होते.

शिकारीचा नाद त्यांना ऑफिसमधल्या डेलनं लावला. मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की अर्धं ऑफिस हरणांबद्दल बोलतं. धनुष्यबाण घेऊन झाडावर चढून बसायचं आणि हरीण खालून जायची वाट बघायची. बहुतेक लोक त्यासाठी झाडाला लोखंडी मचाण टांगतात. डेलची पद्धत वेगळी होती. कमरेला आणि मांड्यांना धरून ठेवणारा एक रुंद पट्टा नेसायचा, त्याला सॅडल म्हणतात. झाडावर चढून तो दोरानं खोडाला बांधायचा, पाय खोडावर टेकवायचे आणि मागे रेलून हवेत बसायचं. मचाण नाही, वजन नाही, झाड हवं तेव्हा बदलता येतं. तेव्हा हे करणारी माणसं फार थोडी होती. मात्र यात एक गोष्ट स्पष्ट होती. माणूस आणि जमीन यांच्यामध्ये दोराखेरीज दुसरं काहीही नसतं.

म्हणून बाबा दोर निवडायला बसले ते लोक स्थळं बघायला बसतात तसे. एकूण तीन दोर लागत. पहिला चढताना वापरायचा. तो कमरेच्या एका बाजूनं निघून खोडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला येतो, म्हणजे दोन्ही हात सोडून मागे रेलता येतं. दुसरा बसायचा. वर पोचल्यावर तो डोक्याच्या उंचीवर खोडाला बांधायचा आणि त्यावर सगळं वजन टाकायचं. तिसरा अगदी आखूड, पट्ट्याच्या दोन कुशींना जोडणारा. तिघांची इंग्रजी नावं होती, पण आमच्या घरात ते वळशाचा दोर, बैठकीचा दोर आणि पूल याच नावांनी ओळखले जात. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा पिळाचा दोर बाबांनी हातात घेऊन लगेच परत ठेवला होता. "यानं फार तर गादी बांधावी," म्हणाले. गिर्यारोहकांचा ताणला जाणारा दोर पडणाऱ्या माणसासाठी असतो. आपल्याला पडायचंच नाही, बसायचंय, तेव्हा न ताणणारा हवा. जाडी करंगळीएवढी, कारण थंडीत हातमोजे घातल्यावर बारीक दोर हाताला लागत नाही आणि त्यावरची सरकती गाठ इतकी घट्ट बसते की सुटता सुटत नाही. लांबीच्या बाबतीत तर ते फारच हट्टी होते. बैठकीचा दोर जास्त लांब ठेवला तर ढील राहते, आणि ढील राहिली की झटका. वळशाचा दोर मात्र झाडाच्या घेरावर ठरायचा. मी मेजरिंग टेप धरायची, बाबा मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला मिठी मारून उभे राहायचे आणि शेजारची म्हातारी पडदा बाजूला करून आमच्याकडे बघायची.

आईला या सगळ्याची धास्ती होती. ती नागपुरात शाळेत गणित शिकवायची. इथे बाबांच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्याशा रांगेत पडून होता. घर, माझी शाळा, डॉक्टर, सगळं बाबांच्या एका नोकरीवर उभं होतं. "तुम्ही पडलात तर एकटे पडणार नाही," ती एकदा त्यांना म्हणाली, "आम्ही दोघीही पडू, एवढं लक्षात ठेवून चढा." बाबा हसले नाहीत. ते तिला बेसमेंटमध्ये घेऊन गेले, एकेक दोर दाखवला, त्याचं लेबल वाचून दाखवलं आणि तिलाच त्या सॅडलमध्ये बसवलं. आई पदर खोचून हवेत बसली, दोन्ही मुठींनी दोर गच्च धरून. मग हळूहळू तिनं हात सोडले. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना त्या देशात पुन्हा पाहिलं नाही.

त्या पहिल्या सीझनला बाबांना एक हरीण मिळालं आणि आमच्या घरात नागपूर अवतरलं. आईनं खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, दगडफूल असं सगळं कोरडं भाजलं आणि हरणाचा सावजी रस्सा केला. मसाला भाजला की स्मोक अलार्म बोंबलायचा. मी खुर्चीवर उभी राहून त्याच्यापुढे टॉवेल हलवायची, आई खिडक्या उघडायची आणि गारठा आत यायचा. रश्श्यावर बोटभर लाल तेल असायचं. खाणाऱ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरीही ताटलीत पुन्हा रस्सा पडायचा. या मेजवानीला पाहुणे दोनच असत, मोहनकाका आणि सुनंदाकाकू.

मोहनकाकांबद्दल सांगायचं तर आमच्या घरातल्या वस्तूंपासून सुरुवात करावी लागेल. आम्ही अमेरिकेत उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. पहिले काही महिने आम्ही त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिलो. बाबांच्या नोकरीसाठी शब्द त्यांनीच टाकला होता. पुढे आम्ही वेगळं घर घेतलं तेव्हा सोफा त्यांचा आला, गाद्या त्यांच्या, कुकर काकूंचा, टीव्ही त्यांचा जुना. माझं स्नो जॅकेट आणि बूट त्यांच्या मुलाचे, रोहनचे असत, दर वर्षी त्याला लहान झालेले. यात वावगं काही नव्हतं. तिथल्या आपल्या लोकांत वस्तू अशाच फिरतात. पाळणा तर चार घरं फिरून पुन्हा पहिल्या घरी येतो. फरक इतकाच की काका दिलेली वस्तू विसरत नसत. जेवायला आले की सोफ्यावर हात फिरवायचे. "अजून मस्त आहे ना यार? आम्ही तर चुकलोच देऊन!" मग आपणच खो खो हसायचे. बाबाही हसायचे. मी रोहनचं जॅकेट घालून बाहेरून आले की ते माझ्या बाहीकडे बघायचे, फाटलं तर नाही ना म्हणून. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या चांगुलपणाला सतत हजर राहावं लागायचं.

काकूंचा नेम असा की वस्तू द्यायची ती धुऊनच द्यायची. दुसऱ्याच्या घरी मळकी वस्तू जाणं त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्यांनी दिलेल्या प्रत्येक गोष्टीला ब्लीचचा वास असायचा. माझ्या लहानपणाचा तो वास आहे, रोहनचे बूट आणि ब्लीच.

दुसऱ्या सीझनच्या तोंडाशी अशाच एका रस्सा-जेवणाला विषय निघाला. डेलच्या भावाची शेती तासाभराच्या अंतरावर होती आणि तिथे ओकचं एक प्रचंड झाड बाबांनी हेरून ठेवलं होतं. हरणं रोज त्याच्या खालूनच जायची. पण बाबांचा वळशाचा दोर आठ फुटांचा. मेपल, ॲश अशा बारीक खोडांना तो पुरायचा. या ओकला वळसा घालून कमरेशी येता येता अपुरा पडायचा. "दहा फुटी मागवावा लागेल," बाबा म्हणाले.

"मागवतोस काऊन बे?" काका घास थांबवून म्हणाले. तेही एक-दोन वर्षं डेलबरोबर गेले होते, मग गुडघ्यांमुळे सोडलं होतं. "माझ्याकडे पडलाय ना दहा फुटांचा. टोकाला शिवलेला फासा आहे, एकदम प्रोफेशनल. मी कुठे चढतोय आता? घेऊन टाक."

"अरे नको, राहू दे, तुला लागेल कधी," बाबा म्हणाले. बाबांना मी ओळखते. हे त्यांचं 'नाही' होतं. पण याहून मोठ्यानं ते त्यांना कधी म्हणताच आलं नाही.

"लागेल काय! फॉर्मॅलिटी करतोस का आता माझ्याशी?" काका म्हणाले, आणि दोर बाबांच्या गळ्यात पडला.

पुढच्याच शनिवारी काकू तो घेऊन आल्या. पिशवीतून काढला तेव्हा मी बघतच राहिले. मूळचा हिरवा दोर फिकट पिस्त्याच्या रंगाचा झाला होता. "चिखल होता, रक्ताचे डाग होते मेले," काकू म्हणाल्या. "रात्रभर ब्लीचमध्ये घातला, मग पुन्हा एकदा घातला, आणि ड्रायरमध्ये फिरवला. आता बघा, नवा वाटतोय की नाही?" मी म्हटलं, "बाबा, इट स्मेल्स लाइक अ स्विमिंग पूल." बाबांनी दोर हातात घेतला. शिवलेल्या फाशावरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलटा. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि तो चेहरा मी त्यांच्या लॅबमध्ये मुलांना ऑफिसात न्यायच्या 'ब्रिंग युअर चाइल्ड' दिवशी पाहिला होता, पट्टा तुटायच्या जरा आधीचा. मग ते वर बघून हसले. "वहिनी, कशाला एवढा त्रास घेतला! थँक्स."

काकू गेल्यावर आई म्हणाली, "तोंड का पडलंय?"

"नायलॉनचा आहे. ब्लीचमधल्या क्लोरीननं संपतो हा. त्यातही शिवणीचा धागा आधी जातो."

"मग फेकून द्या."

"फेकून? मोहन विचारेल ना."

"मग परत करा. खरं सांगा."

"काय सांगू? वहिनींनी मायेनं धुतलेला दोर मला चालत नाही? आयुष्यभर बोलून दाखवेल तो. आणि त्या बिचारीला काय वाटेल?" बाबा जिन्याकडे वळले. "मी नवा मागवतो गुपचूप. हा पडेल एका कोपऱ्यात."

त्यांनी तो मागवलाही. योग्य धाग्याचा, योग्य जाडीचा, दहा फुटांचा. तो आला तो खोका त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवला, कारण घरात काका-काकूंची ये-जा होती. इतका विचार त्यांनी केला होता. मी आज स्वतः दोन मुलांची आई आहे, एका मोठ्या ऑफिसात रोज चार लोकांना तोंडावर नाही म्हणते, आणि तरी मला त्या माणसाचा राग येतो तेव्हा तो दोराच्या धाग्यापाशी येऊन अडतो. त्याला माहीत होतं. अडाणी असता तर मी कधीच माफ केलं असतं.

सीझनच्या पहिल्या शनिवारी बाबा मला घेऊन जाणार होते. मी खाली घोंगडी अंथरून बसायचं, हूं की चूं करायचं नाही, आणि पुढच्या वर्षी माझं स्वतःचं सॅडल, असं ठरलं होतं. सकाळी निघताना दारात मोहनकाका उभे. "मीपण येतो यार. चढणार नाही, अस्मीला कंपनी. बघू तर तुझं ते ओक." थर्मास घेऊन ते पुढच्या सीटवर बसले, तोवर बाबा बेसमेंटमध्ये जाऊन त्यांचा दोर बॅगेत टाकून आले. रस्ताभर त्यांची बडबड आणि बाबांचं हूं हूं. शेतावर पोचून डिकी उघडली तेव्हा खोका तिथेच होता, ब्लँकेटखाली. बाबांचा हात त्या ब्लँकेटकडे गेला होता. मी पाहिला.

"माझा दोर आणलास ना?" काकांनी विचारलं.

बाबांनी बॅगेतून तो फिकट दोर काढला. काय हिशोब केला असेल हे मला आता कळतं. चढताना वजन बरंचसं पायांवर असतं, या दोराला फक्त रेलायचं. वर गेलो की बैठकीचा दोर आपला स्वतःचा, पक्का. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. एका बाजूला आपलं सगळं ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला मित्राचं तोंड, यांच्यामधून त्यांनी अशी एक वाट काढली. हुशार माणसंच अशा वाटा काढतात.

ते चढत गेले. पायऱ्यांचे तुकडे खोडाला बांधत, वळशाचा दोर वर सरकवत, एकेक. हवा गार आणि कोरडी होती, ओकची पानं तांबडी होऊन खाली पडत होती. काकांनी कौतुकानं माझ्याकडे बघून मान हलवली. घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीएवढ्या उंचीवर बाबा थांबले, बैठकीचा दोर बांधण्यासाठी दोन्ही हात सोडून मागे रेलले, आणि कापड टरकल्यासारखा एक छोटासा आवाज झाला. एवढाच. ओरडलेसुद्धा नाहीत. ते पाठीवर पडले, मुळांवर.

काका पळत मोठ्या रस्त्याकडे गेले, फोनला रेंज मिळवायला. मी बाबांचा हात धरून बसले. ते शुद्धीवर होते आणि "पाय हलव माझा," असं म्हणत होते. मी हलवला. "हलवलास?" त्यांनी विचारलं. दोर बाजूला पडला होता. तो मधे कुठेच तुटला नव्हता. शिवलेला फासा उसवला होता. मी शिवणीला बोट लावलं तर धाग्याची पूड झाली. काका परत आले तेव्हा दोर माझ्या हातात होता. त्यांनी तो हळूच काढून घेतला. "दे बेटा, मी ठेवतो," म्हणाले आणि गुंडाळून आपल्या जॅकेटच्या आत घातला. ॲम्ब्युलन्समधल्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "माय फूट स्लिप्ड."

हीच गोष्ट त्यांनी हॉस्पिटलमध्ये सांगितली, डेलला सांगितली, नागपूरला फोनवर सांगितली. पाय सरकला. आईलाही तेच. "दोर कोणता होता?" तिनं विचारलं. "माझाच. नवा." दोन दिवसांनी किराणा आणून डिकीत ठेवताना तिला ब्लँकेटखाली तो खोका सापडला, टेपसुद्धा न उघडलेला. तिनं तो घरात आणला आणि बेसमेंटच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. बोलली काहीच नाही. मीही नाही. बाबांच्या खोट्याला आम्ही दोघींनी असा आधार दिला. आम्हाला वाटायचं, काकांना बिचाऱ्यांना ब्लीचचं ठाऊक नाही, आणि बाबा भिडेखातर त्यांना दुखवत नाहीत.

पाठीचे दोन मणके चेपले होते आणि टाचेचा चुरा झाला होता. काकूंचा डबा रोज यायचा, स्वच्छ, घासलेला. काका गाडी चालवायचे, डॉक्टरांकडे न्यायचे, फॉर्म भरायचे. बाबांना पुन्हा चालता आलं, पण लॅबमध्ये दिवसभर मशीनसमोर उभं राहणं त्यांना जमेना. गाड्यांच्या धंद्यात ते दिवस वाईट होते. पहिल्याच कपातीत त्यांचं नाव निघालं. नोकरी गेली की व्हिसा गेला. दुसरी नोकरी शोधायला मिळतात ते थोडे दिवस बाबा काठी टेकत इंटरव्ह्यूला जायचे आणि समोरचा माणूस आधी काठीकडे बघायचा.

एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही शेवटचे गेलो. भाड्यानं घेतलेला हॉल, निळ्या पताका, बुंदीचे लाडू, मुलांची भाषणं. जेवणाच्या रांगेत काका कोणाला तरी सांगत होते, "मी म्हटलं होतं त्याला, घाई करू नको. पण ओव्हरकॉन्फिडन्स होता यार. सेफ्टीचा माणूस, आणि तोच केअरलेस!" बाबा त्यांच्या मागेच दोन पावलांवर खुर्चीत बसलेले. त्यांनी ऐकलं. लाडूचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. तेवढ्यात काकूंनी आईचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "तू तरी अडवायचं होतंस गं त्यांना," त्या म्हणाल्या. "बायकोनं नाही अडवायचं तर कोणी?" काका प्लेट घेऊन शेजारीच उभे होते. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. आईनं हात सोडवून घेतला नाही. ती म्हणाली, "हो ना, चुकलंच माझं." त्या दिवसानंतर आमच्या ओळखीत ही गोष्ट अशीच ठरली. नवरा बेफिकीर आणि बायको बावळट.

आईबाबा आजही नागपुरात एकाच घरात राहतात. वेळेवर जेवतात, औषधं एकमेकांना आठवण करून देतात, बोलणं कामापुरतं. मी सुट्टीत गेले की नातेवाईक म्हणतात, या वयात माणसं शांत होतात. ती शांतता वयाची नाही. ती एका विमानतळावरची आहे.

विमानतळावर सोडायलाही मोहनकाकाच आले होते. दुसरं कोण येणार? घरातलं सगळं वाटून झालं होतं. सोफा एका नव्या जोडप्याकडे गेला होता आणि काकांनी त्यांनाही तो कोणाचा हे सांगितलं होतं. काकूंनी घरूनच निरोप घेतला, दशम्यांचा डबा दिला, खूप रडल्या. बॅगा काउंटरवर देऊन झाल्यावर काकांनी बाबांना मिठी मारली आणि म्हणाले, "तब्येत सांभाळ. आणि आता तरी जरा केअरफुल राहा रे बाबा."

माझ्या तोंडून निघून गेलं. "काका, दोर तुमचा होता. ब्लीचनं शिवण गेली होती. मी बोटानं बघितलीय."

माझी अपेक्षा होती की ते दचकतील, नाही म्हणतील, रागावतील. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. बाबांकडे बघत होते, काहीतरी ठरलेलं मोडल्यासारखे.

"अस्मी," बाबा म्हणाले, "काकांना सॉरी म्हण."

"बट बाबा..."

"सॉरी म्हण."

मी म्हटलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे, लहान आहे," ते म्हणाले आणि वळून चालायला लागले. भराभर.

गेटपाशी आम्ही तिघं ओळीनं बसलो. बाबा एअरलाइनच्या व्हीलचेअरमध्ये, मधे मी, पलीकडे आई. मग, काकांना हे माहीत होतं का, असं मी इंग्रजीत विचारलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. मराठीत म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं. दोर त्याच्याकडेच होता. त्यानंही शिवण पाहिली होती."

"मग? मग ते सगळ्यांना असं का सांगत सुटले?"

"त्यानं पाय धरले गं माझे. म्हणाला, सुनंदाला कळू देऊ नको. तिनं धुतला म्हणून झालं हे कळलं तर ती जगणार नाही. मी शब्द दिला." बाबा थांबले. "लोक विचारायचे. त्याला काहीतरी सांगायलाच लागत होतं."

आई समोरच्या काचेतून विमानाकडे बघत होती. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही. मग ती तशीच समोर बघत म्हणाली, अगदी सावकाश, वर्गातल्या पोराला गणित विचारावं तशी:

"आणि मी जगेन, हे तुम्ही दोघांनी कसं ठरवलंत?"

बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात एअरलाइनचा माणूस आला. व्हीलचेअरवाल्यांना आधी आत सोडतात. खुर्चीची मूठ धरून त्यानं विचारलं, "फॅमिली? यू कॅन कम विथ हिम." मी आईकडे बघितलं. बाबाही बघत होते.

"तू जा," आई मला म्हणाली. "मी रांगेनं येते."